पेटीतली हवा

माठाच्या तोंडावर सहा इंची स्पीकर बसवायचा, कडेची फट एम-सीलनं बुजवायची आणि तार टेपरेकॉर्डरला जोडायची. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गावोगावच्या सलूनमध्ये, कॅसेटच्या दुकानांत, हौशी पोरांच्या खोल्यांत ही जोडणी सर्रास दिसायची. टेपरेकॉर्डरच्या प्लास्टिकमधून चिरका येणारा आवाज माठातून एकदम भरदार यायचा. माठ निवडणाऱ्यांनी कुठलंही समीकरण वाचलं नव्हतं, पण स्पीकरच्या बांधणीतली पहिली गोष्ट त्यांना बरोबर सापडली होती.

स्पीकरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर उघडा असेल तर हे दोन उलट परिणाम कडेवरून वळून एकमेकांना गाठतात आणि खोडून टाकतात. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे तिच्यापुढे स्पीकरची कड म्हणजे काहीच नाही. म्हणून खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. माठानं मागची हवा कोंडली. शिवाय भाजलेल्या मातीची गोलाई कडक, थरथरत नाही, आणि समोरासमोर सपाट भिंती नसल्यानं आतला आवाज दोन भिंतींत उसळतही बसत नाही. राहिलं काय, तर तो माठ किती लिटरचा हे कोणी मोजलं नव्हतं. कधी जमून जायचं, कधी सगळी गाणी एकाच सुरात ‘हुं’ करायची.

बुकशेल्फ स्पीकरचं किट विकत घेणारा माणूस खरं तर हे मोजण्याचं काम विकत घेतो. खोक्यात बहुधा खालच्या सुरांचे दोन वूफर, वरच्या सुरांचे दोन ट्वीटर, सूर त्यांच्यात वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे सुटे भाग किंवा तयार बोर्ड, मागचे टर्मिनल, पोर्टची नळी आणि पेटीचा आराखडा असतो. कधी कापलेल्या फळ्याही असतात, पण वजनामुळे कुरिअरला त्या महाग पडतात. हे सगळं सुटं मिळवता येतं. मिळत नाही ती यातली तडजोड. किट बनवणाऱ्यानं ती आधीच करून ठेवलेली असते. ती नेमकी कुठे केली आहे हे कळलं, की घरी बसून काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही हेही कळतं. या प्रकरणाचा सगळा भर त्यावर आहे.

पेटीचं माप हा बराच काळ अंदाजाचा मामला होता. आज आपण वापरतो तो फिरत्या कॉइलचा स्पीकर अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये व्यवहारात आणला. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासनं पेटीला नळी लावून मागच्या हवेलाही कामाला लावायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९३२ चं. तोंडावर फुंकर मारल्यावर रिकामी बाटली जशी एका ठरावीक सुरात घुमते तशीच ती पेटी घुमते, फक्त तो सूर आपण निवडायचा. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यानं उलट वाट धरली. पेटी पूर्ण बंद ठेवायची, कोन अगदी सैल टांगायचा आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग करायचं. त्याच्या एआर-१ या स्पीकरनं कपाटाएवढ्या पेट्यांचा खर्ज टेबलावर मावेल एवढ्या पेटीतून काढून दाखवला. तरीही या पेटीला हा वूफर चालेल की नाही, हे पेटी बांधून झाल्यावरच कळायचं.

ती अडचण ऑस्ट्रेलियात सुटली. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की वूफरचे मोजके आकडे हातात असले तर पेटी कागदावरच बांधता येते. त्यातले तीन पुरेत. एफएस म्हणजे मोकळा कोन ज्या कंपनाला सगळ्यात सहज डोलतो ते कंपन. व्हीएएस म्हणजे कोनाला धरून ठेवणारी लवचिक कड आणि आतली नक्षीदार चकती, जिला दुरुस्तीवाले स्पायडर म्हणतात, यांचा ताठरपणा किती लिटर हवेच्या ताठरपणाएवढा आहे ते. आणि क्यूटीएस म्हणजे डोलायला लागलेला कोन किती लवकर आवरला जातो त्याचं माप. आकडा लहान, तर आवर घट्ट.

समजा किटातल्या वूफरचा एफएस ५० हर्ट्झ, व्हीएएस १५ लिटर आणि क्यूटीएस ०.३८ आहे. साडेपाच-सहा इंची वूफरला असे आकडे शोभतात. पेटी बंद ठेवायची तर पेटीत बसल्यावरचा क्यू ०.७ च्या आसपास आणायची रीत आहे. तिथे खर्ज फुगतही नाही आणि लवकर गळतही नाही. ०.७०७ ला ०.३८ नं भागायचं, आलेल्या १.८६ चा वर्ग करायचा, त्यातून एक वजा करायचा. उरतात २.४६. पंधरा लिटरना २.४६ नं भागलं की ६.१ लिटर. झाली पेटी. तिचा खर्ज कुठवर, तर ५० गुणिले १.८६, म्हणजे ९३ हर्ट्झपर्यंत. त्याखाली तो झपाट्यानं उतरत जातो. हाच वूफर ९ लिटरच्या पेटीत घालून ५५ हर्ट्झला जुळवलेली नळी बसवली तर साठ-पासष्ट हर्ट्झपर्यंत उतरता येतं. त्यासाठी ४ सेंटीमीटर आतल्या व्यासाची आणि सुमारे ११ सेंटीमीटर लांबीची नळी लागते, प्लंबरकडची पीव्हीसी चालते. ती दोन सेंटीमीटरनं आखूड कापली गेली तर जुळणी चार हर्ट्झनं वर सरकते.

साठ आणि त्र्याण्णव यांत फरक काय पडतो, हे आपल्या संगीतावरून बघणं सोपं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळ असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, ६९ ला. म्हणजे नळीची पेटी खर्जाच्या तारेचा मूळ सूर देते आणि बंद पेटी तो अर्धवट गिळते. तरीही बंद पेटीवर तंबोरा पोकळ वाटत नाही. जवारीमुळे त्या तारेत वरचे स्वरांश भरपूर असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ सूर स्वतःच उभा करतो. माझं मत विचाराल तर मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यानं लहान खोलीसाठी बंद पेटीचं किट घ्यावं. तिचा खर्ज थोडा पण नेटका असतो. चित्रपटसंगीतातली बास गिटार ज्याला पोटात जाणवायला हवी त्यानं नळीची पेटी घ्यावी.

लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन निवडा, तिसरी सोडा. केएलएच कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ ज्याचा, त्या हॉफमनच्या नावानं हा नियम ओळखला जातो. बुकशेल्फ किटात पेटी लहान असतेच आणि खर्जही बऱ्यापैकी हवा असतो, त्यामुळे बळी जातो तो तिसऱ्याचा. अशा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे थोड्या वॉटमध्ये किती आवाज निघतो त्याचं माप, बहुधा ८५ डेसिबेलच्या आसपास असते. जाहिरातीत तिन्ही गोष्टींचं वचन दिसलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता थोडं विषयांतर. आपलं बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. इथल्या हवेचा दाब मुंबईच्या मानानं जवळजवळ दहा टक्के कमी. व्हीएएसचा आकडा हवेच्या ताठरपणावर ठरतो आणि हवेचा ताठरपणा दाबावर, त्यामुळे कागदावरचे १५ लिटर इथे साडेतेरा होतात. बंद पेटी सुमारे दहा टक्के मोठी असल्यासारखी वागते आणि वरच्या उदाहरणातले ९३ हर्ट्झ ९० च्या जवळ येतात. नळीची जुळणी मात्र बदलत नाही, कारण ती आवाजाच्या वेगावर ठरते आणि तो वेग दाबावर अवलंबून नसतो. तीन हर्ट्झ कोणाला ऐकू येत नाहीत, हे मान्य. पण पेटीच्या मापाला किती सूट असते याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

ही सूट सुताराकडे फार उपयोगी पडते. आपली ९ लिटरची पेटी घ्या. वूफर, नळी आणि आतला आडवा दांडा यांनी व्यापलेली जागा धरून आतून दहा-सव्वादहा लिटर लागतात. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये बाहेरून २० बाय ३३ बाय २५ सेंटीमीटरची पेटी केली तर आत १०.३ लिटर भरतात. दुकानात १८ म्हणून दिलेला प्लाय कॅलिपर लावल्यावर १६ निघणं आपल्याकडे नवं नाही. तसं झालं तर आत १०.९ लिटर होतात. नळीची जुळणी दोन हर्ट्झनंही सरकत नाही. म्हणजे जाडीच्या फरकानं झोप उडवून घेऊ नये. फटीनं घ्यावी. जोडात राहिलेल्या बारीक फटीतून हवा फुसफुसते, खर्ज ढासळतो आणि मोठ्या आवाजात शीळ ऐकू येते. जोड आतून फेविकॉल आणि भुशाच्या लगद्यानं भरून काढावेत, वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी लावावी.

दोन पेट्यांना मिळून पाऊण चौरस मीटरही फळी लागत नाही. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये ती जवळपास तीन चौरस मीटर असते. टिंबरच्या दुकानात चतकोर शीट मागितली की दुकानदार वर बघत नाही. म्हैसूर रस्त्याच्या बाजूला लाकडाच्या वखारी आहेत, पण एवढ्याशा कामाला फर्निचर बनवणाऱ्या कारागिराकडचे उरलेले तुकडे बरे. मात्र प्रत बघून घ्यावी. घरगुती फर्निचरचा प्लाय आयएस ३०३ या मानकाचा असतो. सुतार ज्याला ‘सातशेदहा’ म्हणतात तो आयएस ७१० चा मरीन प्लाय. त्यात पोकळ्या कमी आणि डिंक पाण्याला दाद न देणारा. स्पीकरला पाण्याशी काही घेणं नाही, पण थरांतली पोकळी नको असते, कारण ती वाजते. कापल्यावर कडेला भोक दिसलं तर तो तुकडा मागच्या बाजूला घालावा. प्लायवरच्या संशोधनाला वाहिलेली संस्थाही साठच्या दशकात याच शहरात, तुमकूर रस्त्यावर उभी राहिली.

एमडीएफ घ्यावं की प्लाय, हा वाद कधी संपत नाही. एमडीएफ सगळीकडे एकसारखं असतं, राऊटर त्यात लोण्यासारखा चालतो आणि रंग छान बसतो. त्याची भुकटी मात्र नाका-घशाला वाईट, मास्क लावल्याशिवाय कापू नये. कडेनं पाणी शिरलं की ते फुगतं आणि पुन्हा बसत नाही. बंगळुरूची हवा कोकणाइतकी दमट नसल्यानं इथे चालून जातं. रत्नागिरीत राहणाऱ्या मित्रासाठी पेटी बनवत असाल तर प्लायच घ्या.

सुतारांशी बोलताना एक अडचण हमखास येते. किटाचा आराखडा मिलिमीटरमध्ये असतो आणि कारागीर सुतात विचार करतो. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. कपाटाच्या दाराला अर्ध्या सुताचा फरक चालतो, ट्वीटरच्या खाचेला चालत नाही. खाच मोठी झाली तर ट्वीटरभोवती फट दिसते, आणि खोली कमी पडली तर त्याची कड फळीच्या वर राहते. त्या उंचवट्यावरून आवाज परावर्तित होऊन तार सुरांत खडबडीतपणा येतो. म्हणून सरळ कापणी सुताराकडे द्यावी आणि पुढच्या फळीची भोकं राऊटर असलेल्या माणसाकडून करून घ्यावीत. पीन्या औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर फळी कापून देणारे आहेत, आणि हलसूरू मेट्रो स्टेशनखाली ‘वर्कबेंच प्रोजेक्ट्स’ या नावाची सामायिक कार्यशाळा चालत आली आहे. ज्याच्या घरात ना रंधा ना पटाशी, त्याच्यासाठी अशा जागा मोलाच्या.

सदर पत्रप्पा रस्त्याला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एसपी रोडला, या कामात एक फेरी होतेच. सिटी मार्केट आणि टाऊन हॉलच्या मधल्या त्या गर्दीत डाखासाठी कथलाची तार, स्पीकरची तार, टर्मिनल, रेझिस्टर आणि नॉन-पोलर कपॅसिटर सहज मिळतात. अचूक मापाची हवेच्या गाभ्याची कॉइल मात्र शोधावी लागते, आणि किट घेण्याचं एक व्यवहारी कारण तेच. तिथून जवळच्या जेसी रोडवर गाडीचे स्पीकर दिसतात. ते स्वस्त असतात, मोह होतो. पण गाडीचा स्पीकर दाराच्या पोकळीत मोकळा वाजण्यासाठी घडवलेला असतो. त्याचा क्यूटीएस बहुधा मोठा असतो. लहान बंद पेटीत घातला की खर्ज फुगून गोळा होतो.

या शहरातल्या हौशी मंडळींना ॲम्प्लिफायर फार पूर्वीपासून जवळचा. जलहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ ची. तिचे व्हॉल्व्ह आणि मग ट्रान्झिस्टर एकेकाळी देशभरातल्या छंदिष्टांच्या सर्किटांत असत. स्पीकरची पेटी मात्र तयार आणायची किंवा माठासारखी अंदाजानं करायची, असाच शिरस्ता होता. याचं कारण पेटीत नाही, क्रॉसओव्हरमध्ये आहे.

क्रॉसओव्हरचं काम वरवर सोपं. खालचे सूर वूफरकडे, वरचे ट्वीटरकडे. सीमा कुठे आखायची, हे दोन गोष्टी ठरवतात. लाटेची लांबी कोनाच्या व्यासाएवढी झाली की वूफर झोत टाकल्यासारखा फक्त समोर वाजायला लागतो. १३ सेंटीमीटरच्या कोनाला हे २६०० हर्ट्झच्या सुमारास होतं. दुसऱ्या बाजूनं, २५ मिलिमीटरच्या ट्वीटरचा स्वतःचा डोल हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या दुप्पट तरी वर राहिलं नाही तर तो कण्हतो. म्हणजे जागा उरली दोन हजार ते सव्वीसशेच्या बोळकंडीत. बहुतेक किटांची सीमा तिथेच सापडते.

बाजारात ‘टू-वे, ३००० हर्ट्झ’ असं छापलेले तयार क्रॉसओव्हर बोर्ड मिळतात. ते बनवणाऱ्यानं वूफरला आठ ओहमचा साधा रेझिस्टर मानलेलं असतं. ट्वीटरपुढे एकच कपॅसिटर ठेवून अडीच हजार हर्ट्झची सीमा आखायची तर आठ ओहमला आठ मायक्रोफॅरड लागतात, हे गणित दहावीचा विद्यार्थीही करील. पण खरा वूफर कुठेही आठ ओहम राहत नाही. डोलाच्या जागी तो तीस-चाळीस ओहमवर जातो, दोनशे-तीनशेला साडेसहावर येतो आणि वर पुन्हा चढत जातो. शिवाय प्रत्येक कोनाचे आपले लहरी उंचवटे असतात. त्या नेमक्या वूफरचे, त्या नेमक्या फळीवरचे हे उंचवटे मोजून, त्यांना उलट वळण देऊन क्रॉसओव्हर बनतो. फळीची रुंदीही त्यात येते. २० सेंटीमीटर रुंद फळी सुमारे ५७५ हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे ढकलते. त्याखालचा आवाज पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतो आणि समोर हळूहळू ६ डेसिबेलपर्यंत कमी होतो. वूफरच्या वाटेतली किटातली कॉइल आठ ओहमच्या साध्या गणितापेक्षा मोठी दिसते ती बहुधा हे भरून काढायला. छान दिसते म्हणून फळी पाच सेंटीमीटर रुंद केली किंवा ट्वीटर बाजूला सरकवला, की तो सगळा हिशेब मोडतो.

याचा सगळ्यात चांगला दाखला बीबीसीच्या एका चिमुकल्या स्पीकरचा. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाड्यांमध्ये मोठे मॉनिटर मावत नसत, म्हणून बीबीसीच्या संशोधन विभागानं सत्तरच्या दशकात ३० सेंटीमीटर उंचीची, सुमारे पाच लिटरची पेटी तयार केली. केईएफ कंपनीचा बी-११० वूफर, टी-२७ ट्वीटर आणि १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायची पातळ भिंत. भिंत जाड असावी या सर्वमान्य समजुतीला त्यांनी फाटा दिला होता. पातळ भिंतीला आतून डांबरी थर चिकटवायचा, म्हणजे ती थरथरली तरी लगेच शांत होते आणि थरथर कानाला त्रास देईल अशा पट्ट्यात राहत नाही. हा एलएस३/५. पण तो पुरता रुळायच्या आतच केईएफकडून येणाऱ्या दोन्ही युनिटांचे गुण बदलले. नाव तेच, बाहेरून दिसायला तेच, तरी आवाज वेगळा. बीबीसीला क्रॉसओव्हर नव्यानं आखावा लागला आणि जगाला माहीत झाला तो एलएस३/५ए. १९७६ मध्ये हारवुड, व्हॅटन आणि मिल्स यांनी त्यावरचा अहवाल प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या संस्थेला त्याच नावाचा बदललेला वूफर चालला नाही. मग आपण ‘साधारण असाच’ वूफर दुसऱ्या दुकानातून आणून त्याच बोर्डाला जोडला, तर काय होईल याचा अंदाज यावा.

डाख देताना दोन जागा सांभाळायच्या. कॉइली एकमेकींना चिकटून, एकाच दिशेनं ठेवू नयेत. एक आडवी, दुसरी उभी, मधे हातभर नाही तरी वीतभर अंतर, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. दुसरी जागा अधिक फसवी. बऱ्याच किटांच्या आकृतीत ट्वीटरची अधिक-उणे टोकं मुद्दाम उलटी दाखवलेली असतात. क्रॉसओव्हरचा उतार दर सप्तकाला बारा डेसिबेलचा असला, की सीमेवर दोन्ही युनिटं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध डोलतात आणि म्हणून एकाला उलटं जोडावं लागतं. सरळमार्गी माणसाला ही छपाईची चूक वाटते. तो ती ‘दुरुस्त’ करतो आणि अडीच हजार हर्ट्झला आवाजात खड्डा पडतो, नेमका जिथे शब्दांची व्यंजनं असतात तिथे. गाणं ऐकू येतं, पण गायक पडद्यामागे गेल्यासारखा वाटतो. आणि वूफरचे स्क्रू हातानं आवळावेत. ड्रिलचं बिट निसटलं की चुंबक ते ओढून घेतं आणि कोनाला भोक पडतं.

आत काय भरावं? उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा धागा पुरेसा. बंद पेटी हलक्या हातानं सगळी भरावी. नळीच्या पेटीत फक्त भिंतींवर थर द्यावा आणि नळीचं तोंड मोकळं ठेवावं. काचेची लोकर टाळावी, तिचे तंतू नळीतून घरात उडतात. महागड्या तारांबद्दल एवढंच, की दोन-तीन मीटरला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या आणि वाचलेल्या पैशांतून पडदे घ्या.

पडदे हा विनोद नाही. बंगळुरूच्या नव्या फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल, समोर काचेचं सरकतं दार आणि मधे एक सोफा असतो. तार सूर त्या खोलीत उड्या मारतात. खालच्या सुरांना खोलीची लांबी बांधून ठेवते. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपास सूर एका जागी फुगतो, दुसऱ्या जागी नाहीसा होतो. स्पीकर भिंतीला टेकवला तर खर्ज वाढतो. नावात बुकशेल्फ असलं तरी बहुतेक किटं भिंतीपासून सुटी, स्टँडवर वाजतील असं धरून आखलेली असतात. खरोखरच शोकेसमध्ये ठेवायची असतील तर बंद पेटीचं किंवा पुढे नळी असलेलं किट निवडावं.

दोन्ही स्पीकर लावल्यावर आधी ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकावं. बीबीसीचे अभियंतेही माणसाच्या जिवंत आवाजाशी स्पीकर ताडून बघत. बोलणारा बरोबर मधोमध उभा वाटला पाहिजे. तो पसरट वाटला आणि खर्ज गायब असला, तर एका स्पीकरची टोकं उलटी लागली आहेत. मग तबला लावावा. याला बंगळुरूतच आधार आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत, पहिलाच १.५९ पट येतो. तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे ते दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात असताना शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये हे ‘नेचर’मध्ये मांडलं. पुढे १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरूला आले, पुढच्या वर्षी त्यांनी इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि तिच्याच नियतकालिकात या वाद्यांवरचा सविस्तर निबंध छापला. चांगल्या स्पीकरवर ‘ना’ सुरात लागलेला कळतो आणि डग्ग्याची मींड घसरताना मधेच अडखळत नाही. क्रॉसओव्हर चुकला असेल तर ‘ना’ टिपरीसारखा कोरडा वाजतो. दायाँ एका पेटीतून आणि त्याचीच किनार दुसऱ्या कुठूनतरी आल्यासारखी वाटते.

एकच जागा अशी आहे जिथे बनवणाऱ्यानं स्वतःचं ऐकावं. ट्वीटरच्या वाटेत बहुतेक किटांत एक लहान रेझिस्टर असतो. सहा ओहमच्या ट्वीटरपुढे तो दोनचा तीन ओहम केला, तर तार सूर सुमारे एक डेसिबेलनं खाली येतात. टाइल आणि काचेच्या खोलीत तेवढं बहुधा लागतंच. गालिचा, पुस्तकं आणि गाद्या असलेल्या खोलीत लागत नाही. आठवडाभर ऐकून मगच बदलावा, कारण पहिल्या संध्याकाळी कान स्वतःच उत्साहात असतात. तो बोर्डाच्या बाहेरच्या बाजूला, वूफर काढला की हाताला लागेल असा बसवावा. नंतर घर बदललं, तर पुन्हा तोच बदलायचा असतो.

किमतीचा आकडा इथे देत नाही, पुस्तक छापून होईस्तोवर तो जुना होतो. आयात किटावर मूळ किमतीखेरीज वाहतूक आणि जकात चढते, आणि चुंबकं जड असतात. पैसे वाचवायचे म्हणून कोणी यात पडू नये. तेवढ्या पैशांत ब्लूटूथवाले तयार स्पीकर मिळतात आणि बऱ्याच जणांना ते पुरतात. ॲम्प्लिफायरचा खर्च यात धरलेला नाही. ८५ डेसिबेलच्या, मधेच साडेसहा ओहमवर उतरणाऱ्या या जोडीला लहान खोलीत तीस-चाळीस वॉट भरपूर होतात आणि त्याचे तयार बोर्ड एसपी रोडवर मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची क्लास-डी चिप असते. या कंपनीनं १९८५ मध्येच बंगळुरूत आपलं केंद्र उघडलं होतं. त्या चिपला पुरवठा कोणता द्यायचा, उष्णता कुठे जाऊ द्यायची आणि गुणगुण कशी थांबवायची, ते पुढच्या प्रकरणात.